हाड मोडलेले नाही, मग दुखते काय?

मराठी भाषेचा मनगटावर भारी विश्वास! एखाद्याने शून्यातून संसार उभा केला, की तो त्याने 'मनगटाच्या जोरावर' केला असे आपण म्हणतो. दंडेलीला आपण 'मनगटशाही' म्हणतो. राखी बांधायची ती मनगटावर, घड्याळ मिरवायचे ते मनगटावर आणि बांगड्या किणकिणतात त्याही मनगटातच. संस्कृतात तर या जागेला 'मणिबंध' असे सुरेख नाव आहे. मणिबंध म्हणजे जेथे रत्न बांधायचे ते ठिकाण. वर्गात वाक्प्रचार शिकवताना मी हे सारे विद्यार्थ्यांना मोठ्या उत्साहाने सांगत असतो.

परंतु हा जोर खरोखरच मनगटात असतो का, असा प्रश्न कोणी शरीरशास्त्राला विचारला तर? ते शांतपणे सांगेल, "प्राध्यापकमहाशय, जोर असतो तो दंडात आणि कोपराखालच्या हातात. मनगटात मांसल स्नायू असे जवळजवळ नाहीतच. तेथून जातात त्या नुसत्या दोऱ्या. मनगटात जर काही असेल, तर तो तोल!"

हा तोल बिघडला म्हणजे काय होते, ते ओळखायचे कसे आणि त्यावर इलाज काय, याची हकीकत आज वाचकांना सांगावयाची आहे. मी डॉक्टर नव्हे, मराठीचा मास्तर. पण घरातल्याच एका दुखण्याच्या निमित्ताने या विषयात मला डोके घालावे लागले, आणि घातल्यावर असे दिसले, की 'मनगट मुरगळले' या दोन शब्दांच्या पदराखाली फार काही झाकले जाते. वैद्यक या दुखण्याला 'मनगटाची अस्थिरता' म्हणते.

आपल्या पूर्वजांना मात्र या जागेची खोड माहीत होती. सुश्रुताने शरीरात १०७ मर्मे मोजली आणि आघाताच्या परिणामावरून त्यांचे वर्ग पाडले. काही मर्मे तत्काळ प्राण घेणारी, काही पांगळे करणारी. मणिबंधाची गणना त्याने केली ती 'रुजाकर' मर्मांत. म्हणजे जी जीव घेत नाहीत, पण वेदना मागे ठेवतात. केवढी अचूक निवड!

आठ भावंडांचे एकत्र कुटुंब

मनगट म्हणजे एक सांधा, अशी आपली समजूत. वस्तुतः ते आठ लहान हाडांचे एकत्र कुटुंब आहे. चार-चार हाडांच्या दोन ओळी. एक कोपराकडची, एक बोटांकडची. यांतले एक नावेच्या आकाराचे, त्याला डॉक्टर 'स्कॅफॉइड' म्हणतात. आपण नौकास्थी म्हणू. त्याच्या शेजारचे चंद्रकोरीसारखे, 'ल्यूनेट'. ते आपले चंद्रास्थी. त्याच्या पलीकडे, करंगळीच्या बाजूला, एक तिकोनी; ते त्रिकोणास्थी. चौथे चक्क वाटाण्याएवढे. बोटांकडच्या ओळीत आकड्यासारखी खुंटी असलेलेही एक हाड आहे.

आता गंमत अशी, की कोपराकडच्या ओळीतला तो वाटाणा सोडला, तर बाकीच्या तिघांना ओढणारी एकही दोरी थेट जोडलेली नाही. आगगाडीच्या डब्यांना जसे स्वतःचे इंजिन नसते, तसे हे तिघे. पुढचे आणि मागचे हलले, की हे हलायचे. मग हे रुळावरून घसरत का नाहीत? कारण डब्याला डबा जोडणाऱ्या साखळ्या मजबूत असतात. या साखळ्या म्हणजे अस्थिबंध: हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे.

या तिघांचे स्वभावही निराळे. नौकास्थीची ओढ तळहाताकडे वाकण्याची. त्रिकोणास्थीची ओढ नेमकी उलट, मागे झुकण्याची. आणि मध्ये सापडलेले बिचारे चंद्रास्थी! दोन्हीकडून हात धरलेला मधला भाऊ जसा नाइलाजाने सरळ उभा राहतो, तसे ते दोघांच्या ओढाताणीमुळेच समतोल राहते. आता नौकास्थी आणि चंद्रास्थी यांच्यामधला बंध तुटला अशी कल्पना करा. नौकास्थी सुटून तळहाताकडे कलंडते. चंद्रास्थी त्रिकोणास्थीच्या तावडीत सापडून मागे कलते. दोघांत फट पडते. पलीकडचा बंध तुटला, तर सगळे उलट. घराची भिंत शाबूत दिसते, पण आतल्या तुळया सरकलेल्या असतात.

हा बंध तुटतो कसा? बहुधा एकाच रीतीने. माणूस घसरतो आणि पडताना तळहात पुढे करतो. मनगट मागे वाकलेले, सगळा भार तळहाताच्या टाचेवर. १९८० साली मेफील्ड या अमेरिकन शल्यविशारदाने आपल्या सहकाऱ्यांसह प्रयोगांनी दाखवून दिले, की अशा आघाताने चंद्रास्थीभोवतीचे बंध एका ठरावीक क्रमाने तुटत जातात. आरंभ अंगठ्याच्या बाजूने, शेवट करंगळीच्या बाजूला. आणि आघात फारच जबर असेल, तर चंद्रास्थी आपली जागाच सोडते.

चकलीचा सोऱ्या बोलला

आमच्या थोरल्या वहिनींचे असेच झाले. दोन वर्षांपूर्वी नवरात्राच्या आधी माळा साफ करताना स्टूल घसरले आणि त्या उजव्या तळहातावर पडल्या. मनगट सुजले. जवळच्या एका दवाखान्यात फोटो काढला. "हाड मोडलेले नाही, मुरगळले आहे," असा निर्वाळा मिळाला. चिकटपट्टी आणि गोळ्या मिळाल्या. दोन आठवड्यांत सूज ओसरली आणि घरात कोणी त्याचा पुन्हा विचार केला नाही. वहिनींनी तर मुळीच नाही. बायकांना स्वतःच्या दुखण्याचा विचार करायला आपल्याकडे सवड असते कुठे?

दिवाळी आली. चकलीची भाजणी मळून झाली, सोऱ्या भरला आणि वहिनींनी पहिला पीळ दिला मात्र, मनगटात 'खट्' असा आवाज झाला आणि कळ कोपरापर्यंत गेली. सोऱ्या परातीत पडला. त्यानंतर हे नित्याचेच होऊन बसले. भाताचे पातेले उतरवताना हात दगा देई. ओले कपडे पिळता येईनात. कोणी म्हणाले वात आहे, कोणी म्हणाले वय झाले. शेजारच्या आळीतल्या एका हाडे बसवणाऱ्याने बोटे ओढून, तेल चोळून दिले. त्याने दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवशी सूज आली. सगळ्यांत वाईट गोष्ट ही, की फोटोत काही दिसत नाही म्हटल्यावर दुखणे मनाचे आहे की काय, अशी कुजबूज घरात सुरू झाली.

"भाऊजी, मोडलं असतं तर बरं झालं असतं," वहिनी एकदा मला म्हणाल्या. "निदान लोकांनी खरं तरी मानलं असतं!"

हे वाक्य माझ्या मनाला लागले. जानेवारीत मी त्यांना घेऊन हाताच्या शस्त्रक्रियांत तज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांचा अंगठा

त्यांनी आधी फोटो मागितला नाही. हात मागितला. कसे पडलात, तळहात कोणत्या बाजूला होता, कळ नेमकी कोठे येते, आवाजाबरोबर दुखते की नुसताच आवाज, असे एकेक विचारीत गेले. मग त्यांनी वहिनींचा डावा, चांगला हात हाती घेतला. मला नवल वाटले. ते म्हणाले, "देवानं दोन हात दिलेत ते तुलनेसाठी. काही माणसांचे सांधे जन्मतःच सैल असतात. चांगला हात न बघता दुखऱ्याविषयी मत देऊ नये."

नंतर त्यांनी दुखऱ्या मनगटाच्या तळव्याकडील बाजूस, अंगठ्याच्या मुळाशी, जेथे नौकास्थीचा उंचवटा लागतो, तेथे आपला अंगठा दाबून धरला आणि वहिनींचा पंजा करंगळीच्या बाजूकडून अंगठ्याच्या बाजूकडे हळूहळू झुकवला. अंगठा उचलताच तोच 'खट्' आवाज आणि तीच कळ! दाबामुळे मागे सरकलेले नौकास्थी दाब निघताच जागेवर परत आले होते. या परीक्षेला अमेरिकन शल्यविशारद वॉटसन यांचे नाव आहे. मात्र निरोगी मनगटातही ती कधीकधी जमून येते. म्हणून आवाजापेक्षा कळ महत्त्वाची, आणि दोन्ही हातांतला फरक त्याहून महत्त्वाचा.

मग फोटो. पण कसा? "ताई, मूठ घट्ट आवळा," डॉक्टर म्हणाले. मूठ आवळली, की स्नायूंचा ताण मनगटावर येतो आणि बंध तुटला असेल तर दोन हाडांतली फट उघडी पडते. हात निवांत टेबलावर ठेवून काढलेल्या फोटोत ती लपून राहू शकते. वहिनींच्या पहिल्या फोटोत ती लपली होती, ती अशी! नौकास्थी आणि चंद्रास्थी यांच्यामधले अंतर ३ मिलिमीटरहून अधिक दिसले, तर संशय घ्यावा, असा ठोकताळा आहे. बाजूने काढलेल्या फोटोत या दोन हाडांमधला कोन मोजतात. तो साधारणपणे ३० ते ६० अंशांच्या दरम्यान असतो, आणि ७० च्या पुढे गेला तर बिघाड धरतात. डॉक्टरांची विनोदबुद्धी अशी, की त्या फटीला त्यांनी टेरी-टॉमस या विनोदी नटाचे नाव दिले. कारण त्याच्या पुढच्या दोन दातांत अशीच फट होती!

क्ष-किरणांचा शोध रोंटगेनने १८९५ साली लावला, आणि फ्रान्समधील ल्यों शहरात एत्येन देस्तो या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच या किरणांच्या साहाय्याने मनगटाच्या दुखापतींचा कसून अभ्यास केला. पण या बिघाडाची शास्त्रशुद्ध मांडणी आणि वर्गवारी व्हायला १९७२ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लिन्शाइड, डॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. तेव्हा एखाद्या साध्या दवाखान्यात हे दुखणे निसटले, तर डॉक्टरांवर एकदम दात खाण्याचे कारण नाही. मात्र दुखणे राहिले तर पुन्हा जाणे हे आपले काम आहे.

पुढे एमआरआय झाला. त्यानेही कधीकधी अर्धवट तुटलेला बंध नीट दिसत नाही. अखेरचा शब्द असतो दुर्बिणीचा. भूल देऊन एका बारीक छिद्रातून सांध्यात दुर्बीण घालतात आणि बंध, कूर्चा, हाडांची हालचाल प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहतात. वहिनींचा बंध पुरता तुटला होता, पण हाडांवरील गुळगुळीत कूर्चा शाबूत होती. "उशीर झालाय, पण फार नाही," डॉक्टर म्हणाले. त्या एका वाक्याने वहिनींच्या चेहऱ्यावर केवढा फरक पडला! दुखणे खरे ठरल्याचा आनंद माणसाला होतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

इलाज: काळ पाहून

या दुखण्याचा इलाज तीन गोष्टींवर ठरतो: बंध किती तुटला, किती दिवस झाले, आणि कूर्चा झिजली आहे का.

बंध नुसता ताणला गेला किंवा अर्धवट तुटला असेल, तर बहुधा शस्त्रक्रियेवाचून भागते. काही आठवडे पट्टी किंवा प्लॅस्टर आणि त्यानंतर शिस्तीचा व्यायाम. हा व्यायाम म्हणजे वजने उचलणे नव्हे, बरे का! कोणता स्नायू नौकास्थीला आधार देतो आणि कोणता त्याला आणखी ढकलतो, हे पाहून तो शिकवावा लागतो. शिवाय सांध्याला आपण कोठे आहोत याची जाणीव असते, तीही पुन्हा जागी करावी लागते. म्हणून जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीवाचून मनाने काही करू नये.

बंध पुरता तुटला असेल आणि दुखापत ताजी असेल, तर तो शिवता येतो. तुटलेले टोक हाडाला पुन्हा जोडायचे, हाडे जागेवर आणून बारीक तारांनी सुमारे दोन महिने स्थिर ठेवायची. यासाठी पहिले काही आठवडे, साधारण सहा, हे सोन्याचे. त्यानंतर तुटलेली टोके आखडतात, विरतात. शिवायला काही उरत नाही.

मग दुसरा मार्ग. शेजारची एक कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, तिची एक चीर काढून घ्यायची, नौकास्थीत छिद्र पाडून ती त्यातून ओवायची आणि पलीकडच्या हाडाला बांधायची. इटलीतील ब्रुनेल्ली यांनी ही कल्पना १९९५ साली प्रसिद्ध केली आणि पुढे इतरांनी तीत सुधारणा केल्या. एका ठिकाणची दोरी दुसऱ्या कामाला लावण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोग्यांची वाकडी बोटे अशाच विद्येने कामाला लावली होती.

आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर? मग हाडे चुकीच्या जागी घासत राहतात, कूर्चा झिजते आणि संधिवात जडतो. तेव्हा बंध दुरुस्त करून भागत नाही. काही हाडे काढावी लागतात किंवा एकमेकांत सांधून टाकावी लागतात. कळ थांबते, पण मनगटाचे वाकणे बरेचसे गमवावे लागते. अगदी शेवटच्या अवस्थेत तर सगळेच. ज्या कामाला आरंभी पट्टी पुरली असती, त्यासाठी हा केवढा मोबदला!

वहिनींवर दुसऱ्या प्रकारची शस्त्रक्रिया झाली. आठ आठवड्यांनी तारा काढल्या, त्यानंतर महिनाभर पट्टी. मग व्यायाम. पहिल्यांदा शिकवली ती एक तिरकी हालचाल: हातोडा उगारून खाली आणताना किंवा तांब्यातले पाणी ओतताना मनगट जसे जाते तशी. या हालचालीत कोपराकडची ओळ फारशी हलत नाही, म्हणून नव्या दोरीवर ताण कमी पडतो. वर्षाअखेरीस कळ गेली, 'खट्' आवाज गेला, पातेले उतरू लागले. मुठीचा जोर डाव्या हाताच्या पाऊणपट आला. मनगट पूर्वीइतके मागे वाकत नाही आणि वाकणारही नाही. डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगितले होते. चकलीचा सोऱ्या आता पुतण्या फिरवतो. आणि इतकी वर्षे तो का फिरवत नव्हता, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

घाबरायचे कधी, आणि कधी नाही

हे वाचून कोणी आपले मनगट कडकड वाजवून पाहू नये. नुसता आवाज, कळ नाही, सूज नाही, जोर कमी नाही, तर तो रोग नव्हे. काहींचे, विशेषतः मुलींचे, सगळेच सांधे सैल असतात. ते मोजण्याची बीटन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेली एक सोपी गुणपद्धती आहे, एकूण ९ गुणांची. करंगळी मागे काटकोनापलीकडे वाकते का, अंगठा कोपराखालच्या हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेपलीकडे जातात का, याला दोन्ही बाजूंचे एकेक गुण. आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले, तर नववा. फराळानंतर घरात हा खेळ खुशाल खेळावा. मात्र कोणी बळेच वाकू नये. अशा सैल सांध्याच्या मुलांना मनगटाची कुरबूर झाली, तर बहुधा व्यायामच औषध ठरतो.

परंतु तळहातावर पडल्यानंतर पुढील गोष्टी दिसल्या, तर 'मुरगळले असेल' म्हणून थांबू नये. अंगठा वर ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तेथे दाबून दुखत असेल, तर नौकास्थीला तडा गेल्याचा संशय घ्यावा; हा तडा पहिल्या फोटोत दिसेलच असे नाही, म्हणून १०-१४ दिवसांनी फोटो पुन्हा काढतात. करंगळीच्या बाजूला दुखत असेल, खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठताना किंवा किल्ली फिरवताना कळ येत असेल, तर तेथल्या कूर्चेच्या गादीला आणि बंधांना इजा झालेली असू शकते; ते निराळे दुखणे, पण तितकेच खरे. दोन आठवड्यांनंतरही मूठ कमजोर असेल, आवाजाबरोबर कळ येत असेल, तर हाताच्या तज्ज्ञाकडे जावे आणि मूठ आवळून फोटो काढायचा का, हे आपण होऊन विचारावे. आणि पडल्यावर मनगट फार सुजून अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर झाले, तर दिवसाची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. जागा सोडलेले चंद्रास्थी मज्जातंतू दाबीत असण्याचा संभव असतो. चोळणे, ओढणे, 'बसवणे' हे तर कधीच नको.

या दिवसांत घरोघरी माळे झाडले जातात, जाळी काढली जातात, आकाशकंदील टांगले जातात. तेव्हा स्टुलावर चढणाऱ्याचे स्टूल दुसऱ्याने धरावे, ओली फरशी आधी पुसावी, आणि एवढे करूनही कोणी पडलेच, तर फोटोपेक्षा त्या माणसाच्या सांगण्यावर अधिक विश्वास ठेवावा. फोटो एका क्षणाचा असतो. हात वापरणारा तो दिवसभर वापरतो. "अजून दुखतंय" असे घरातले माणूस तिसऱ्यांदा सांगते, तेव्हा ते कुरकुर करीत नसते. ते निदान सांगत असते.

ही दिवाळी आपणा सर्वांस सुखाची आणि धडधाकट मनगटांची जावो!